कंबरभर उंच मोटरसायकल

तळ्यात बसलेल्या म्हशीला वजन नसतं.

राईस मिल बंद पडली की आधी तिच्या मोटारी जातात, मग पत्रे, मग लोखंडी सांगाडा. तिचा आवाज मात्र कुणी नेत नाही.

एकाच खोलीत दोन माणसं वर्षानुवर्षं काम करतात आणि एकमेकांकडे पाठ करून बोलतात.

पुण्याच्या इमारतीत वर न्यायला पाळण्यासारखी एक खोली येते. तिच्यात आरसा असतो. आरशातला माणूस पाहुण्यासारखा उभा असतो.

डॉक्टरला गुडघा फोटोत दिसतो. ज्याचा आहे त्याला तो फक्त बसताना आणि उठताना दिसतो.

शिंगाडे उकडल्यावर काळे होतात.

जमिनीवर

आंधळगावात मोतीलालकडे गाडी न्यायची तर पत्ता विचारावा लागत नाही. हातमागाचा ठोका ज्या घरातून येतो आणि दारात पेट्रोलचा वास येतो, ते त्याचं घर. लांबुळकी एकच खोली. अर्ध्या खोलीत त्याच्या बायकोचा, विजयमालाचा माग. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून ती बसणार, पायांनी पावड्या दाबणार, हातांनी धोटा फेकणार. उरलेल्या अर्ध्यात मोतीलाल तिच्याकडे पाठ करून उकिडवा बसणार आणि लोकांच्या मोटरसायकली खोलणार.

म्हणजे बसायचा. आता बसता येत नव्हतं.

भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, खाली बसणं बंद. मोतीलालनं आधी स्टूल आणून पाहिलं, तर गुडघ्याचं दुखणं पाठीत गेलं. इंजिन तर पायाच्या नळीइतकंच उंच. माणूस कितीही उंच बसला तरी त्याला वाकावंच लागणार.

"मंग खड्डा खोदा नं माह्यासारखा," विजयमाला मागावरून म्हणाली. "खड्ड्यात उभे राहा, गाडी वर ठेवा."

"अन् खड्ड्यातून निंघाले गुडघे कोन देईन, तू?"

"माह्ये मले पुरत नाईत."

तर असं चाललं होतं. आणि तेवढ्यात पुण्याहून अंकुरचा फोन आला. अंकुर त्यांचा एकुलता पोरगा, तिकडे नोकरीला. फोन स्पीकरवर ठेवून मोतीलालनं तो एका गाडीच्या सीटवर ठेवला.

"बाबा, आता बस झालं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले येतो मी, तवा दुकान आवरून टाकू. तुमी दोघं इकडं या."

"अन् तिकडं येऊन करू काय?"

"आराम करा."

"तो मले येत नाई."

"शिकवनी लावून देईन तो," मागावरून आवाज आला.

अंकुर हसला, पण माघार घेईना. बापाचा सुजलेला गुडघा त्यानं गेल्या खेपेला स्वतः शेकला होता. मोतीलालनं सीटवरच्या फोनकडे पाहिलं.

"म्या उभ्यानं गाडी खोलली तं?"

"उभ्यानं कशी खोलान जी? गाडी का उडून येते तुमच्याजवळ?"

"आली तं?"

"मंडईच्या दिवशी माह्यासमोर एक गाडी उभ्यानं खोला, बांधा, चालू करून दाखवा. पुन्याचं नाव नाई काढनार मी. नाई जमलं तं मुकाट्यानं बॅग भरा."

"ठरलं," मोतीलाल म्हणाला.

मागाचा ठोका क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

त्या दुपारी तो भिंतीला टेकून डुलकी घेत होता, तेव्हा त्याला गावाबाहेरचं तळं दिसलं. तळ्यातून एकेक मोटरसायकल वर येत होती. सायलेन्सरमधून पाणी गळत होतं, हँडलवर चतुर बसले होते. कुणी उचलत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. म्हशी जशा उठतात तशा त्या उठल्या आणि पाण्यापासून कंबरभर उंच जाऊन थांबल्या. मोतीलाल काठाकाठानं चालत गेला आणि एकेकीला हात लावत गेला. कुठेच वाकावं लागलं नाही.

वीतभर

गाडी उचलायची तयार लिफ्ट नागपुरात मिळते. मोतीलाल जाऊन पाहून आला. लालभडक, गुळगुळीत, पायानं दाबत गेलं की नम्रपणे वर येणारी. दुकानदारानं तिच्यावर एक गाडी चढवून दाखवली. मग मोतीलालनं कोपरापासून बोटापर्यंतचा हात लावून लिफ्टची लांबी मोजली. घरी माग आणि भिंत यांच्यातली जागा तो तशीच मोजून आला होता. लिफ्ट हातभर मोठी निघाली.

"माग थोडा सरकवून घ्या," दुकानदार म्हणाला.

मोतीलालनं त्याच्याकडे दयेनं पाहिलं. माग सरकवता येईल एक वेळ. खड्डा कसा सरकवणार?

मग घरीच बनवायचं ठरलं. त्यानं खडूनं जमिनीवर चित्र काढलं: खाली चौकट, वर फळी, मधे कातरीसारखे दोन-दोन पाय एकमेकांना छेदून जाणारे. मधे जॅक. जॅक दाबला की कातर उभी होणार, फळी वर जाणार.

विजयमालानं सकाळी झाडताना चित्र अर्धं पुसलं.

"अवो, ते लिफ्ट होती!"

"मले वाटलं कोनी पोट्ट्यानं बकरी काढली."

त्यानं पुन्हा काढलं. या खेपेला पाय थोडे जाड झाले.

तुमसरला एक जुनी राईस मिल मोडीत निघाली होती. तिच्या सांगाड्यातले लोखंडी पट्टे त्यानं निवडले, मालवाहू टेम्पोत टाकून आणले आणि दारात उतरवले. पट्ट्यांच्या कोपऱ्यांत अजून कोंडा अडकलेला होता. त्यानं फुंकर मारली तर खोलीभर धानाची बारीक धूळ उडाली आणि उन्हाच्या पट्ट्यात बराच वेळ खाली बसेना.

गुडघाभर

वेल्डिंग सेवकरामचं. सेवकरामचं दुकान चौकात, स्वभाव वेल्डिंगच्या ठिणगीसारखा, पण मोतीलालचा लहानपणापासूनचा सोबती. कातरीचे पाय कापून झाले. आता ते ज्या बोल्टांवर फिरणार, त्या बोल्टांसाठी छिद्रं पाडायची होती.

"किती मोठं पाडू?" सेवकरामनं ड्रिल हातात घेऊन विचारलं.

मोतीलालनं बोल्ट हातात फिरवला. "याच्यापेक्षा जरा मोठं."

"जरा म्हंजे?"

"खेळला पाहिजे आतमंदी."

"बोल्ट कायले खेळन? त्याले का पतंग उडवाचा हाय?"

"सेवक्या, ढील लागते. तंग ठेवलं की तुटते."

"हे लोखंड होय, मोतीभाऊ. रेशम नाई."

आता इथं मोतीलालची बाजू सांगितली पाहिजे. मोटरसायकली गावात येण्याआधी तो मागावर बसत होता. त्याचा बाप बसला होता, आजा बसला होता. मागावर ताणलेल्या हजारो रेशमी तारांना नेमकी किती ढील द्यायची, हे तो चालायला शिकण्याबरोबरच शिकला होता. तार कडक ओढली की पहिल्याच ठोक्याला तुटते. श्वास घेण्याइतकी जागा ठेवली की जन्मभर ठोके खाते. गाड्यांचं काम तो पुस्तकातल्या मापानं करायचा, कारण ते माप कंपनीनं ठरवलेलं असायचं. पण हे लोखंड त्याचं स्वतःचं होतं. स्वतःची वस्तू बनवताना त्याची बोटं विणकराची झाली.

त्यानं विजयमालाकडे पाहिलं. तिनं मान न वळवता सांगितलं, "थोडी ढील पाहिजेच."

"झालं," सेवकराम म्हणाला, "कोष्ट्याच्या घरी लोखंडाले कोन विचारते." आणि त्यानं बोल्टपेक्षा मोठी छिद्रं पाडली. सगळ्या सांध्यांना.

(इथे मधले काही दिवस नाहीत. त्या दिवसांत धान कापला गेला, बांधांवर भारे पडले, आणि दिवाळी आली तशी गेली.)

मांडीभर

लिफ्ट पहिल्यांदा वर गेली ती रिकामीच. मोतीलालनं जॅकचा दांडा दाबला. कातर कुरकुरली. फळी वर आली, थोडी थरथरली, आणि तिथं थांबली, झोपेतून उठलेलं माणूस खाटेवर बसून राहावं तशी.

मग त्यावर सेवकरामची मोटरसायकल चढवली. "पडली तं तुह्याच डोक्यावर पडो," अशी तिच्या मालकानं आधीच प्रार्थना केली. पुढचं चाक सुती दोरानं दोन्ही बाजूंनी बांधलं. दोरालाही थोडी ढील ठेवली, हे सांगायला नकोच.

मोतीलाल दांडा दाबत राहिला. गाडीची चाकं त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आली, गुडघ्यांपर्यंत आली, मांडीपर्यंत आली.

तिकडे विजयमालानं मागाच्या फणीचा ठोका दिला. ठक्.

गाडीनं मान हलवली.

मोतीलाल दचकला. पुन्हा ठक्. गाडी पुन्हा हलली, अगदी थोडी. आरसा उन्हात लकाकला आणि भिंतीवर उजेडाचा ठिपका इकडून तिकडे गेला. मागाचा ठोका जमिनीतून जात होता, चौकटीतून चढत होता, सगळ्या सैल सांध्यांतून वाट काढत गाडीपर्यंत पोचत होता.

"अंकुरची माय," तो हळूच म्हणाला. "थांबू नको. देत राय."

"काय झालं?"

"पाय तं खरं."

तिनं मान वळवून पाहिलं. ठक्, आणि गाडी डुलली. ठक्, आणि गाडी डुलली. विजयमाला हसली, लग्नातल्यासारखी पदर तोंडावर घेऊन हसली.

"नंदीबैल होय जी हा," ती म्हणाली. "विचारा त्याले, सून येनार का गावाले?"

गाडीनं होकार दिला.

सेवकरामनं मात्र कपाळाला हात लावला. "मोतीभाऊ, हे हालून राह्यलं. जे हालते ते पडते."

"झाडं बी हालतात."

"झाडाले मुळं असतात, बाप्पा!"

पण मोतीलालच्या कानात ते शिरलं नाही.

कंबरभर

पुढचे दिवस त्यानं त्या खोलीत पाण्याखाली असल्यासारखे काढले. सकाळी गाडी कंबरभर वर घ्यायची. उगाच एखादा नट खोलायचा, उगाच लावायचा. गाडीभोवती फिरायचं. आयुष्यभर ज्या इंजिनाकडे त्यानं मातीच्या बाजूनं पाहिलं होतं, ते आता माणसासारखं समोर उभं होतं. चेनवर किती बारीक वाळू बसते, सायलेन्सरच्या पोटाला किती ओरखडे असतात, हे त्याला नव्यानं दिसत होतं. एखाद्या ओळखीच्या माणसाचे तळवे पहिल्यांदा पाहावेत, तसं.

दुपारी तो टाकीवर कपाळ टेकून उभा राहायचा. पत्रा गार लागायचा. पाठीमागे ठोका पडत राहायचा, गाडी हलत राहायची आणि तिच्याबरोबर तोही. डोळे मिटले की वैनगंगा यायची. एकदा पवनीला तो नावेत बसला होता, नाव काठाला बांधलेली होती तरी हलत होती. नावाडी म्हणाला होता, बांधलेली नाव हलली नाही तर समजा ती वाळूत रुतली.

गुडघा दुखत नव्हता. किंवा दुखत असेल, पण तो कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा, शेजारच्या घरातला.

कंबरभर, पण तिरपं

मंडईचा दिवस. गावात सकाळपासून भोंगे, पाळणे, घराघरांत पाहुणे. अंकुर आदल्या दिवशीच आला होता. रंजिताला, त्याच्या बायकोला, सुट्टी मिळाली नव्हती. त्यानं लिफ्टकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि शिंगाडे सोलत दारातल्या खुर्चीवर बसला.

"सुरू करा. क्लच प्लेटी बदलून दाखवा."

"सेवकरामच्या गाडीले पाहिजेच हाय," मोतीलाल म्हणाला. त्यानं गाडी वर घेतली, तेल खाली काढलं, भिंतीकडे असलेल्या उजव्या बाजूचं झाकण उघडलं. पाठ ताठ, मान सरळ. अंकुरच्या चेहऱ्यावर नकळत कौतुक आलं, ते त्यानं शिंगाड्यात लपवलं.

मग मोतीलाल थांबला. खोलीत काहीतरी कमी होतं.

"अंकुरची माय, दोन ठोके दे. त्याच्याबिगर हात चालत नाई."

"आज मंडई होय जी. आज माग बंद."

"दोनच दे."

ती खड्ड्यात पाय सोडून बसली. ठक्. गाडी डुलली. ठक्. मोतीलालच्या हातांना लय सापडली. क्लचचा एक बोल्ट निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. चौथा घट्ट होता. त्यानं पाना लावला आणि अंगाचा सगळा जोर दिला. त्याच वेळी ठोका पडला.

गाडी डुलली, पण परत आली नाही.

फळी मागाकडे कलली. सगळे सांधे एकाच दिशेला सैलावले, दोर सैल होता तोही तिकडेच झुकला, आणि मोटरसायकल विजयमालाच्या डोक्यावर अगदी सावकाश येऊ लागली. अंकुर खुर्चीवरून कसा उठला ते त्यालाही कळलं नाही. शिंगाडे जमिनीवर घरंगळले. त्यानं मागाच्या बाजूनं जाऊन गाडीला दोन्ही हातांनी, खांद्यानं, गालानं धरलं.

"आई, उठ!"

"उठू कशी? पाय खड्ड्यात हायेत!"

"हळूहळू उठ. बाबा, जॅक सोडा!"

"जॅक सोडला तं कातर तुह्या पायावर बसन. माय निंघू दे आंधी."

विजयमाला हातांवर भार देत, पाय एकेक करून काढत, सरपटत बाहेर आली आणि भिंतीशी उभी राहिली. सेवकरामला हाक मारायला दाराशी गेली, पण चौकातल्या भोंग्यापुढे तिचा आवाज कुठला चालतो.

"आता हळूच खाली घ्या," अंकुर म्हणाला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

मोतीलालनं पाना उचलला. "एकच बोल्ट राह्यला रे."

"बाबा!"

"आंग पुरन का तुह्यं? जड होऊन राह्यलं का?"

"जड नाई... वेडे झाले का तुमी?"

"धर मंग. असाच धर. हालू नको."

आणि त्यानं चौथा बोल्ट काढला. जुन्या प्लेटी काढल्या, नव्या तेलात बुडवल्या, एकेक करून बसवू लागला. अंकुर गाडीला मिठी मारून उभा. गाडीच्या या बाजूला बाप, त्या बाजूला लेक, मधे उघडं इंजिन. इतक्या जवळून ते दोघं बऱ्याच वर्षांत बोलले नव्हते.

"आमच्याकडं तरास होते का तुमाले?" अंकुरनं टाकीवर गाल ठेवून विचारलं.

"नाई रे. रंजिता चांगली पोरगी हाय."

"मंग?"

मोतीलालनं एक प्लेट उजेडात धरून पाहिली. "तिकडं तुह्या घरचा नळ गळत होता. म्या पाना काढला. तू म्हनला, बाबा राहू द्या, सोसायटीचा मानूस येईन."

"तुमाले वाकावं लागलं असतं म्हनून म्हनलो नं."

"हव. माहीत हाय." प्लेट बसली. "पन मंग तो मानूस येईपर्यंत मी नळाकडे पाहात बसलो."

विजयमालानं पदरानं अंकुरच्या कपाळाचा घाम टिपला.

झाकण लागलं. तेल भरलं. मोतीलालनं चावी फिरवून बटण दाबलं. इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. तिरपी फळी, सैल कातर, दोर, अंकुरचे खांदे, गाल, दात, सगळं एका सुरात थरथरायला लागलं. तो कंबरभर उंचावर चालू मोटरसायकल कवेत घेऊन उभा होता आणि नाइलाजानं हसत होता.

मग इंजिन बंद केलं. विजयमालानं मागून सीट धरली, मोतीलालनं कणाकणानं जॅक सोडला, आणि गाडी जमिनीला लागली.

मोतीलाल स्टुलावर बसला. हात पुसले.

"हारलो," तो म्हणाला. "तू धरली नसती तं पडली असती. बॅग कुठी हाय ते तुह्या मायले विचार."

अंकुर अजून धापा टाकत होता. तो लिफ्टजवळ बसला, वाकून, गुडघ्यांची काही तक्रार नसलेल्या माणसासारखा. त्यानं एका सांध्यात बोट घातलं. बोल्ट आणि लोखंडाच्या मधे बोटाचं नख आरामात फिरलं.

"एवढी मोठी छिद्रं कोनं पाडली?"

"म्या पाडाले लावली."

"काहून?"

"तंग ठेवलं की तुटते."

अंकुरनं आईकडे पाहिलं. तिनंही मान हलवली, यात विचारायचं काय, अशी. तो याच खोलीत, याच ठोक्यात वाढला होता. त्याला हसावं की रागवावं कळेना. त्यानं बोल्ट काढले, सगळे सांधे सुटे केले, आणि कातरीचे पाय खांद्यावर टाकून मंडईच्या गर्दीतून सेवकरामला शोधत निघाला.

कंबरभर, सरळ

संध्याकाळच्या आत तो परत आला. मागून सेवकराम, हातात मंडईतली जिलेबी.

"म्या सांगतलं होतं," सेवकराम दारातूनच म्हणाला. "रेशम नाई, लोखंड होय. पन बुढ्याले कोन सांगन."

"बुढा कोनाले म्हनते रे? तू माह्यापेक्षा दोन दिवाळ्यांनी मोठा."

छिद्रांत आतून लोखंडी नळीचे तुकडे ठोकून बसवले होते. बोल्ट आता रेटूनच आत जात होता. अंकुरनं कातर जोडली, चाकाला दोराऐवजी शिकंजा लावला, गाडी चढवली आणि बापाला दांडा दिला.

गाडी वर गेली. कंबरभर उंच जाऊन थांबली.

"आई, दे ठोका," अंकुर म्हणाला. "जोरात दे."

विजयमाला बसली. ठक्.

काही झालं नाही. भिंतीवरचा उजेडाचा ठिपका जिथं होता तिथंच राहिला. ठक्. ठक्. अंकुरनं गाडीला दोन्ही हातांनी धक्का दिला, मग खांद्यानं दिला. घराच्या खांबासारखी उभी.

"पाहा, बाबा. हालत नाई आता," तो म्हणाला. त्याच्या आवाजात लहानपणीचा आनंद होता.

"हव," मोतीलाल म्हणाला. "नाई हालत."

त्यानं सीटवर हात ठेवला आणि थोडा वेळ वाट पाहिली. तळहाताखाली नुसता रेक्झिन होता. त्यानं बायकोकडे पाहिलं. तीही त्याच्याकडेच पाहत होती.

"आता उभ्यानं कितीबी गाड्या खोला," अंकुर म्हणाला. "माह्याकडून पुन्याचं नाव नाई." आणि जिलेबी खायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुमसर रोडच्या स्टेशनाकडे निघाला. बॅग त्याची एकट्याचीच होती. जाताना त्यानं लिफ्टचे सगळे बोल्ट एकदा हातानं दाबून पाहिले आणि बापाच्या पाया पडताना गुडघ्यालाही हात लावला.

तो गेल्यावर मोतीलालनं एका शिक्षकाची स्कूटर वर घेतली. विजयमालानं धोटा फेकला. खोलीत ठोका पडू लागला आणि गाडी आपल्या जागी मुकाट उभी राहिली. मोतीलाल तिच्यापुढे सरळ पाठीनं उभा होता, पान्यावर बोटं ठेवून. त्यानं बोल्टला पाना लावला, फिरवला, आणि शेवटचा अर्धा फेरा घट्ट करता करता सवयीनं थांबला. मग तोही पूर्ण केला.

विजयमालानं पुढच्या वर्षीच्या साड्यांचा कोसा, म्हणजे टसरचं रेशीम, पुण्याचा विषय निघण्याआधी, उन्हाळ्यातच घरात आणून ठेवला होता.